रात्री अडीचला दवाखान्याच्या गेटवर कोण उभं असेल? बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

माननीय जिल्हाधिकारी साहेब, बेळगाव,
सप्रेम नमस्कार.

साहेब, हेच पत्र तुमच्या ऑफिसला टपालानं पण पाठवलंय, कन्नडमधून, नातवाकडून लिहून घेऊन. टपालाचं पुढं काय होतं ते तुम्हालाही माहीत आणि मलाही, म्हणून इथं मराठीत सगळ्यांसमोर टाकतेय, चारचौघांनी वाचलं की निदान कोणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल.

मी रिटायर्ड स्टाफ नर्स. माहेर-सासर दोन्ही खानापूर तालुक्यातलं, नोकरी मात्र सगळी मुंबईत, महापालिकेच्या दवाखान्यात, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं कॅज्युअल्टीत, म्हणजे अपघात विभागात गेली. आता बेळगावात राहते. गुडघे दुखतात, बाकी डोकं चांगलं चालतं.

माझा प्रश्न एकच आहे. आपल्या जिल्ह्यात रात्री एकदम पन्नास-साठ जखमी आले तर पहिल्या अर्ध्या तासात काय होणार, आणि ते कोण करणार? खाटा किती, व्हेंटिलेटर किती, नवी बिल्डिंग कधी, हे मी विचारत नाही, ते आमदार-खासदार विचारतात आणि त्याची उत्तरं तुमच्याकडं तयार असतात. मी अर्ध्या तासाबद्दल विचारतेय.

आता हे तुम्हालाच का, डॉक्टर लोकांना का नाही, तर त्याचं कारण साधं आहे. आपलं सिव्हिल हॉस्पिटल बिम्स मेडिकल कॉलेजला जोडलेलं, म्हणजे ते मेडिकल एज्युकेशन खात्याकडं. तालुक्याचे दवाखाने आणि पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रं, आरोग्य खात्याकडं. केएलई हॉस्पिटल खाजगी, कॅम्पातलं मिलिटरी हॉस्पिटल लष्कराचं, हायवे केंद्राचा, १०८ अँब्युलन्सचं कंट्रोल आणखी कुठंतरी. ह्या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवायचा अधिकार जिल्ह्यात एकाच माणसाला आहे आणि तो तुम्ही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष तुम्ही आहात, आणि त्याच कायद्यात लिहिलंय की जिल्ह्याचा प्लॅन दरवर्षी तपासून सुधारायचा. तेव्हा प्लॅन असणारच ओ, नाही असं मी म्हणत नाही. पण तो प्लॅन रात्रपाळीच्या सिस्टरला माहीत आहे काय? वॉचमनला माहीत आहे काय? मुंबईत आम्ही म्हणायचो, प्लॅन साहेबांच्या कपाटात असेल तर तो साहेबांसाठी आहे, पेशंटसाठी नाही.

म्हातारी उगाच घाबरवतेय असं कोणाला वाटेल, म्हणून आपल्या भागात काय काय आहे तेवढं फक्त मोजा. पुणे-बेंगळूर हायवे जिल्ह्याच्या मधून जातो, तवंदीचा घाट आहे, वंटमुरीचा घाट आहे, रात्रीच्या स्लीपर गाड्या एकामागोमाग एक. गोव्याला जायचं तर अनमोडचा घाट नाहीतर चोर्ल्याचा, आणि कणकुंबी-जांबोटीकडं पावसात मोबाईलची रेंज शोधायला माणूस पुलावर जाऊन उभा राहतो. कारखाने सुरू झाले की उसाच्या डबल ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, आणि त्याच कारखान्यांत बॉयलर. मार्गशीर्षापासून माघापर्यंत दर पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर लोक, त्यातले निम्मे कोल्हापूर-सांगलीकडचे, टेम्पोत, ट्रॅक्समध्ये, ट्रॅक्टरमध्ये कोंबून आलेले. माघातच चिंचलीला मायाक्काची जत्रा. आणि आपली गणपतीची मिरवणूक, ती तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपत नाही. गणपत गल्लीत नाहीतर रामलिंग खिंड गल्लीत त्या रात्री एक धक्काबुक्की झाली तर अँब्युलन्स कुठल्या बाजूनं आत घालणार, हे मला आजपर्यंत कुठल्या मंडळाच्या कार्यकर्त्यानं सांगितलेलं नाही, आणि मी विचारते हं, वर्गणीला आले की विचारतेच.

वाईजवळ मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला काय झालं ते आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको, तीनशेच्या घरात माणसं गेली चेंगराचेंगरीत. आणि ते जुनं म्हणाल तर ४ जून २०२५ चं बेंगळूर घ्या, क्रिकेटची टीम जिंकली म्हणून लोक स्टेडियमला गेले आणि ११ जण परत आले नाहीत. ते बेंगळूर होतं. बाउरिंगसारखा मोठा सरकारी दवाखाना हाकेच्या अंतरावर, बाकी मोठे दवाखाने पावलापावलावर. यल्लम्माच्या डोंगरावर हे झालं तर?

आता जे लोकांना माहीत नसतं ते सांगते. मोठा अपघात झाला की सगळ्यात आधी दवाखान्यात कोण येतं? लोकांना वाटतं सगळ्यात सिरीयस माणूस आधी येत असेल. उलटं असतं. आधी येतात ते चालू शकणारे. ज्याचा हात खरचटलाय, कपाळाला खोक पडलीय, ज्याला कोणाच्यातरी मोटरसायकलवर मागं बसता येतं, तो पहिल्या दहा मिनिटांत हजर. ते येतात, ओरडतात, आणि ओरडणं साहजिकच आहे, रक्त बघून माणूस ओरडणारच, आणि जेवढी टेबलं आहेत, जेवढ्या खाटा आहेत, तेवढ्यांवर बसतात. डॉक्टर टाके घालायला घेतात. आणि अर्ध्या-पाऊण तासानं ज्यांना पत्रा कापून बाहेर काढलं ते खरे सिरीयस येतात, तेव्हा टेबल रिकामं नसतं, ट्रॉली नसते, डॉक्टरच्या हातात दुसऱ्याच्या कपाळाचा अर्धा टाका असतो. आपल्याकडं ह्याला कोणी वाईट म्हणत नाही, कारण रेशनच्या रांगेसारखं आधी आला त्याचा आधी नंबर, न्याय झाला असं वाटतं. पण कॅज्युअल्टीत हा न्याय माणसं मारतो.

हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, मुंबईत नाही, इथंच. कुठल्या तालुक्याचा दवाखाना ते सांगणार नाही, कारण तिथली माणसं वाईट नव्हती. आमच्या पाहुण्यांतल्या एका पोरीची डिलिव्हरी होती म्हणून मी रात्री सोबतीला होते. डोंगरावरनं परतणाऱ्या लोकांचा टेम्पो कलंडला होता. ड्युटीवर एक डॉक्टर, वय असेल पंचवीस-सव्वीस, एक सिस्टर, एक ग्रुप डी चा शिपाई, बस्स. आधी वडापच्या, म्हणजे शेअर जीपनं सात-आठ जण आले, सगळे चालत, सगळे ओरडत, त्यांच्या मागं गाव. दहा मिनिटांत सगळ्या खाटा फुल. मग राहिलेले. सलाईनचे सेट संपले, जादाचे स्टोअरमध्ये, आणि स्टोअरची किल्ली फार्मासिस्टच्या घरी. मग एक पोरगा गाडी घेऊन किल्ली आणायला.

त्या सगळ्या गोंधळात भिंतीला टेकून एक बाई बसली होती. हिरवं लुगडं, हातभर हिरव्या बांगड्या, तोंडाला भंडारा फासलेला. काही बोलत नव्हती, कोणाला हाक मारत नव्हती, म्हणून कोणी तिच्याकडं बघितलंच नाही. आणि बघितलं असतं तरी कळलं नसतं, कारण भंडाऱ्यानं सगळ्यांचीच तोंडं पिवळीधमक, त्यात पांढरी पडलेली कोण आणि बरी कोण कसं ओळखणार? मी तिची खालची पापणी ओढून बघितली, आत कागदासारखं पांढरं. नाडी लागेना. बाहेर रक्ताचा एक थेंब नाही, सगळं पोटात. त्या सिस्टरला सांगितलं, तिनं एका नवख्या पोरीसारखी नाही तर चांगल्या जुन्या सिस्टरसारखी धावपळ केली, दोन सुया लावल्या, डॉक्टरनं हातातलं टाकून बघितलं आणि मोठ्या दवाखान्यात पाठवायला गाडी मागवली. ती एकच गाडी होती आणि ती पायाचं हाड मोडलेल्या एका माणसाला घेऊन दहा मिनिटांपूर्वीच गेली होती. हाड मोडलेला माणूस जास्त ओरडत होता ओ. ती बाई वाटेत गेली.

यात डॉक्टरची चूक काढू नका. दोन हातांचा माणूस काय करणार. पण गेटवर एकच माणूस असा उभा असता, ज्याला दुसरं काही काम नाही, कोणावर उपचार करायचे नाहीत, फक्त येणाऱ्या प्रत्येकाला बघायचं आणि कुठं न्यायचं ते सांगायचं, तर ती बाई त्या गाडीत असती.

ह्याला ट्रायाज म्हणतात, आणि ही काही रॉकेट सोडायची विद्या नाही. १९८३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका हॉस्पिटलनं तिथल्या फायर ब्रिगेडबरोबर बसून एक सोपी पद्धत काढली, ती आज जगभर शिकवतात, आणि एका पेशंटला एक मिनिटसुद्धा लागत नाही. जो चालतोय त्याला हिरवी पट्टी, बाजूला बसवा. श्वास नाही, हनुवटी उचलून घसा मोकळा केला तरी नाही, काळी. घसा मोकळा केल्यावर श्वास आला, लाल. मिनिटाला तीसच्या वर श्वास, लाल. मनगटाला नाडी लागत नाही, किंवा नख दाबून सोडलं आणि रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले, लाल. साधं सांगितलेलं करत नाही, डोळे मिट म्हटलं, मूठ आवळ म्हटलं तरी काही नाही, लाल. उरले ते पिवळे. झालं. हे मी खानापूरच्या आशाताईंना अर्ध्या दिवसात शिकवून दाखवते. भिंतीला टेकलेली ती बाई चालत नव्हती आणि तिची नाडी लागत नव्हती, भंडारा असो नसो, ती लाल होती.

काळी पट्टी मात्र जड जाते. जिवंत वाटणाऱ्या माणसाला सोडून पुढं जायचं. ते शिकवताना सगळे गप्प होतात, म्हणूनच ते आधी शिकवायला पाहिजे, त्या रात्री नाही.

मुंबईचं सांगते. ११ जुलै २००६, संध्याकाळी साडेसहाच्या आसपास, वेस्टर्न लाईनवर अकरा मिनिटांत सात बॉम्ब. दोनशेच्या आसपास माणसं गेली, जखमी सातशेच्या वर. आमच्या दवाखान्यात पहिले लोक आले ते टॅक्सीतून, टेम्पोतून, आणि चादरीत. रुळाच्या कडेच्या झोपडपट्टीतल्या लोकांनी घरातल्या चादरी काढून त्याच्या झोळ्या केल्या होत्या, अँब्युलन्सची वाट कोणी बघितली नाही. आमच्याकडं काही जादा मशीन होतं म्हणून काम झालं असं नाही. सवय होती. ठरलेल्या ऑपरेशन्स थांबवायचा निर्णय कोणाला विचारायला लागला नाही, ते आधीच ठरलेलं. एका वॉर्डातले बरे पेशंट दुसऱ्या वॉर्डात जमिनीवर गाद्या टाकून, तेही ठरलेलं. एक सिनियर डॉक्टर दरवाज्यात. हिरवे सगळे ओपीडीच्या हॉलमध्ये, तिथं शिकाऊ डॉक्टर आणि आमच्या स्टुडंट सिस्टर, चहा-बिस्किटं सुद्धा. मुख्य कॅज्युअल्टीत हिरव्याला पायच ठेवू दिला नाही.

आणि त्या रात्री एक गोष्ट मी शिकले ती इथं बेळगावात जास्त उपयोगी आहे. बऱ्याच जणांच्या कानाचे पडदे स्फोटानं फाटलेले. तुम्ही विचारताय "नाव काय, हात हलवा", आणि तो नुसता तुमच्या तोंडाकडं बघतोय. नवीन माणसाला वाटणार डोक्याला मार लागलाय. मार काही नाही, त्याला ऐकूच येत नव्हतं. मग आम्ही खुणा करायला लागलो, स्वतः मूठ आवळून दाखवायची, तो बघून आवळायचा, की झालं, डोकं ठीक आहे. आता आपल्याकडं बघा. गडहिंग्लजकडची म्हातारी, कन्नड कळत नाही, आणि गदगचा नाहीतर बागलकोटचा डॉक्टर तिला कन्नडमधून सांगतोय मूठ आवळ. ती आवळत नाही. तिला लाल पट्टी लागली आणि तिच्यामुळं दुसरा खरा लाल मागं राहिला. आणि हेच उलटं, कोल्हापूरच्या सीपीआरला, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, आपला गोकाकचा कन्नड माणूस नेला तर तिथं. ह्यात कोणाच्या अस्मितेला धक्का लागत नाही, खूण करायला कोणतीच भाषा लागत नाही. भाषेवरनं मोर्चे काढणारे दोन्हीकडचे लोक हे वाचत असतील तर त्यांनी तेवढं ध्यानात घ्यावं, आमच्या कॅज्युअल्टीत मोर्चा आणू नये.

नावांच्या यादीचं मात्र भाषेवाचून चालत नाही. अपघात झाला की दोन तासांत नातेवाईक येतात, आणि त्यांना एकच पाहिजे असतं, आपला माणूस कुठं आहे. यादी नुसती कन्नडमध्ये लावली तर कागलचा बाप ती वाचू शकत नाही, तो मग वॉर्डावॉर्डात घुसतो, प्रत्येक चादर उचलून बघतो, त्याला अडवलं की भांडण, भांडणातनं तोडफोड. यादी दोन्ही भाषांत, गेटच्या बाहेर, दर अर्ध्या तासाला नवीन, आणि नाव कळत नसेल तर वय, कपडे, अंगावरची खूण. हे काम डॉक्टरचं नाहीच, हे तुमच्या तलाठ्यानं आणि शाळामास्तरांनी करायचं. २०१७ च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ जण गेले, तेव्हा परळच्या केईएममध्ये मृतांच्या कपाळावर नंबर लिहिले म्हणून केवढा गदारोळ झाला. कपाळावर लिहायला नको होतं हे खरंच. पण त्यांनी फोटो काढून नंबरासकट बोर्डावर लावले, म्हणजे आईला एकेक प्रेत उघडून बघायला लागू नये, हे फार कोणी लिहिलं नाही. मनगटाला बांधायच्या पट्ट्या आधीच पेटीत असत्या तर कपाळाचा प्रश्न आलाच नसता.

पेटीचंच सांगते मग. प्रत्येक तालुका दवाखान्यात कॅज्युअल्टीच्या दाराशी एक पत्र्याची पेटी, कुलूप नको, सील पाहिजे. आत चार रंगांच्या पट्ट्या, न पुसणारी मार्कर पेनं, मोठी कात्री, रक्त थांबवायचे दाबपट्टे, टूर्निकेट (हातपाय आवळून रक्त बंद करायचा पट्टा), सुया-सेट, हेडलाईट. आणि वर चिकटवलेला एक कागद, रात्री कोणाला कोणत्या क्रमानं फोन करायचा. जिथं स्टोअरची किल्ली आहे त्याचं नाव त्या कागदावर पहिलं.

आता रक्ताचं. आपल्या बेळगावची पोरं ह्या बाबतीत सोन्यासारखी आहेत, एक मेसेज फिरला की सिव्हिलच्या ब्लड बँकेबाहेर रांग. पण साहेब, त्या रात्री दिलेलं रक्त त्या रात्रीच्या पेशंटला सहसा मिळत नाही. तपासण्या करायला तास जातात. त्या रात्री जीव वाचतो तो आधीच फ्रीजमध्ये असलेल्या बाटलीनं, आणि ती बाटली पण साधारण पाच-सहा आठवड्यांवर टिकत नाही. जून २०२३ ला ओडिशात बालासोरला रेल्वेचा अपघात झाला तेव्हा लोकांनी रात्रभर रांगा लावल्या, बघून डोळे भरून आले. पण रांगेला हात जोडून "आज अर्धे द्या, उरलेले पुढच्या आठवड्यात या" असं सांगणारा कोणीतरी लागतो, नाहीतर एका दिवशी फ्रीज फुटेपर्यंत आणि महिन्यानं खडखडाट. मंडळांनी वाढदिवसाची शिबिरं एकाच तारखेला घेऊ नयेत हे तुम्ही एका बैठकीत सांगू शकता, फुकटचं काम आहे.

ऑक्सिजनबद्दल जास्त लिहीत नाही, मे २०२१ मध्ये आपल्याच राज्यात चामराजनगरला एका रात्रीत २४ माणसं गेली, ते तुमच्या खात्यातल्या सगळ्यांना पाठ असेल.

आता हद्दीचं, आणि खरं तर ह्याच्यासाठीच पत्र लिहायला बसले. निपाणी. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटरच्या आसपास, बेळगाव पंचाहत्तर. तवंदीच्या घाटात रात्री बस उलटली तर शहाणा माणूस जखमीला कुठं नेणार? लोक नेतातच, गाडीत घालून कोगनोळीचा नाका ओलांडून सरळ सीपीआरला नाहीतर तिथल्या खाजगीत. पण सरकारी कागदावर काय आहे? आपल्या १०८ नं हद्द ओलांडायची का, कोणाला विचारून, तिथं आधी फोन कोण करणार की बाबा वीस पेशंट येतायत, आठ लाल आहेत? घाटात उभं राहून १०८ लावला आणि मोबाईलनं कागलकडचा टॉवर पकडलेला असला तर फोन महाराष्ट्राच्या कंट्रोलला जाणार, मग त्यांनी तो आपल्या कंट्रोलला कसा द्यायचा, हे दोन्हीकडच्या माणसांना लिहून दिलंय का? मृत्यू कोल्हापुरात झाला आणि अपघात कर्नाटकात, तर पोस्टमॉर्टेमचे कागद अडकून नातेवाईक दिवसभर दारात, हे व्हायला नको. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असो, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा, हे आता कायद्यातच आहे, पण ठाण्यातल्या हवालदाराला ते त्या रात्री आठवायला पाहिजे. तसंच चोर्ल्याच्या घाटाचं, तिथनं गोव्याचं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल की बेळगाव, हे घाटाच्या कुठल्या वळणावर अपघात झालाय त्यावर ठरतं, मंत्रालयावर नाही. सौंदत्तीहून तर धारवाड-हुबळीच जवळ.

आणि कधी कधी रस्ताच नसतो. ऑगस्ट २०१९ आठवा, वेदगंगेचं पाणी यमगर्णीला हायवेवर आलं, पुढं पंचगंगा, कोल्हापूर तुटलं. भीमगडच्या जंगलातल्या गावांतनं पावसाळ्यात आजही पेशंट खांद्यावरून येतो. तेव्हा "जवळचा दवाखाना" हा नकाशावरनं ठरवायचा नाही, महिन्यावरनं ठरवायचा.

२०२३ ला महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली आरोग्य विमा योजना लागू केली, कर्नाटकानं त्याला विरोध केला, पेपरात पंधरा दिवस तेच. मी कोणाची बाजू घेत नाही, म्हणजे घेते, पण ह्या पत्रात नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की दोन सरकारं कार्डावरनं भांडत असतील तर भांडू देत, सुप्रीम कोर्टात २००४ पासून सीमाप्रश्नाची केस आहेच, तिचं काय व्हायचं ते होईल. तोवर तुम्ही आणि कोल्हापूरचे जिल्हाधिकारी एका दुपारी निपाणीच्या रेस्ट हाऊसवर बसून दोन पानांचा कागद करू शकता. कोण कोणाला फोन करणार, कुठपर्यंत कोणाची गाडी, कोणता पेशंट कुठं. कोविडमध्ये त्याच कोगनोळीला आरटीपीसीआर बघायला दिवसरात्र माणसं उभी होती, म्हणजे दोन्हीकडनं मनात आणलं की नाक्यावर व्यवस्था होते. पैशाचं पण आता अडू नये, रस्त्यावरच्या अपघाताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा कॅशलेस उपचार केंद्रानं २०२५ पासून देशभर ठेवलाय, आणि पोलिसांच्या कागदांसाठी पहिला उपचार थांबवता येत नाही हे सुप्रीम कोर्टानं १९८९ लाच सांगितलंय. जखमीला आणणाऱ्या माणसाला पोलिसांनी त्रास द्यायचा नाही असा कायदा तर आपल्या कर्नाटकानंच सगळ्यात आधी केला. तो बोर्डावर लिहून प्रत्येक कॅज्युअल्टीत लावा, दोन्ही भाषांत. वडापवाल्यांना आजही वाटतं की पेशंट आणला की आपणच अडकणार.

ह्या सगळ्याचं मॉक ड्रिल, म्हणजे खोट्या अपघाताची रंगीत तालीम, करा म्हटलं की कोणी म्हणेल स्टाफच नाही, तर ड्रिल कसलं. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं ना आपल्या सुवर्णसौधला, तेव्हा बघा, अँब्युलन्स उभ्या, डॉक्टरांच्या ड्युट्या लागलेल्या, रस्ते मोकळे, वायरलेस चालू. म्हणजे येतं की ओ करता! तीच माणसं, तीच गाडी, फक्त दहा दिवसांसाठी. मंत्र्यांसाठी जे जमतं ते यल्लम्माच्या पौर्णिमेला आणि विसर्जनाच्या रात्री जमवा एवढंच.

आणि ड्रिल म्हणजे ते सकाळी अकराला, बॅनर लावून, पोरांच्या कपाळाला लाल रंग फासून, फोटो काढून, मग उपीट-शिरा, ते नको. ते मी खूप बघितलेत. न सांगता करा. रात्री अडीचला, रविवारी, एका तालुक्याच्या दवाखान्यात तीस खोटे पेशंट सोडा आणि तुम्ही स्वतः घड्याळ घेऊन कोपऱ्यात उभे राहा, सरकारी गाडी लांब लावून. पहिला फोन किती मिनिटांनी गेला, दुसरा डॉक्टर कधी आला, किल्ली कुठं होती, हिरवे कुठं बसवले, लाल किती वेळ तसेच पडून राहिले, यादी लागली का. जे चुकेल त्याबद्दल कोणाला मेमो देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी सगळे आधीच जागे असतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. फक्त लिहून काढा आणि महिन्यानं परत तिथंच जा.

खोटे पेशंट कुठनं आणायचे हा प्रश्न असेल तर मी येते. माझ्याबरोबर चार-पाच रिटायर्ड सिस्टर आहेत, एकीनं तर आयुष्यभर ऑर्थोपेडिक वॉर्ड केलाय, ती कण्हते इतकं छान की खरी डॉक्टर पण फसेल. भिंतीला टेकून गप्प बसायचं काम माझं. आणि सकाळी तिथल्याच सिस्टर लोकांना, आशाताईंना, वॉचमनला बसवून पट्ट्या कशा बांधायच्या ते आम्हीच शिकवतो. मानधन नको, टीए-डीए नको. तुमच्या सहीचं एक पत्र द्या तेवढं, दोन्ही भाषांत, म्हणजे गेटवरचा माणूस आम्हाला आत सोडेल.

आपली,
एक रिटायर्ड स्टाफ नर्स, बेळगाव

प्रत: जिल्हाधिकारी, कोल्हापूर (साहेब, निपाणीच्या रेस्ट हाऊसवरच्या बैठकीचं वर लिहिलंय ते तुमच्यासाठी पण आहे, कर्नाटकच्या साहेबांनी बोलवायची वाट बघू नका)